वाव

आमच्या सोलापुरात समुद्राचं काही नाही.
नळाला पाणी चौथ्या दिवशी येतं,
तेही घागरींनी मोजायचं.
तरी मला परमाण माहीत आहे, दामण माहीत आहे,
आणि होडीच्या कण्याला पठाण म्हणतात
हे मी पाचवीत उभं राहून सांगितलं
तेव्हा मुल्ला गुरुजी हसता हसता फळ्यावरचं विसरले.

बाबा हर्णैचे. धाकू चोगले, तांडेलाचा मुलगा.
हिप्परग्याच्या तलावात गाळ किती साचला
ते बघायला खात्यानं एक होडी आणली होती.
पोहणारे पुष्कळ होते, वल्हवणारा कुणी नव्हता.
ते दोन महिन्यांसाठी आले.
एकतीस वर्षं राहिले.

आई इथलीच, सुगलाबाई.
तिच्या माहेरी खोली विहिरीची असते
आणि परसात मोजतात:
गडी उभा, हात वर, बोटं आभाळाला, तो एक परस.
"आमची हीर सात परस हाय."
बाबा हात आडवे पसरायचे,
या मधल्या बोटापासून त्या मधल्या बोटापर्यंत.
"वाव. पाणी असं मोजतात.
वर हात करतो तो बुडणारा."
हे भांडण कधी मिटलं नाही.
मी विचारलं, परसाला गडीच का, बाई का नको?
आई म्हणाली, "बाई हिरीत उतरती ती मोजायला न्हवं,"
आणि भाकरी थापत राहिली.

दोरी काथ्याची, ओळंबा शिशाचा,
त्याच्या बुडाला चरबी, तळाची माती चिकटून यावी म्हणून.
खुणांचे दोरे दिले साखरपेठेतल्या नरसम्मानं,
चादरीतले उरलेले:
पहिल्या वावाला लाल, दुसऱ्याला हिरवा,
तिसऱ्याला तो निळा, जो अजून विटलेला नाही.
तिच्या मागावरचा धोटा हातात घेऊन बाबा म्हणाले,
ही तर होडी. दोन्हीकडं नाळ, सुकाणू कुठंच नाही.
नरसम्मा तेलुगूत काहीतरी बोलली.
बाबांनी मान डोलावली. कळलं नसावं.

मग नवे साहेब आले, वही घेऊन.
"वाव म्हणजे मीटर किती?"
"एवढा."
साहेबांनी टेप काढली
आणि शिंप्यासारखं बाबांना मोजलं,
बोट, मनगट, कोपर, छाती, पलीकडचं बोट.
लिहिलं: एक पूर्णांक एकोणऐंशी.
तेव्हापासून सरकारी कागदात
तलावाचा तळ माझ्या बाबांच्या मिठीत आहे.

एका साली तलाव पार आटला.
भेगांवर होडी कलंडली, तिच्या सावलीत शेळ्या बसायच्या.
बाबा रोज जायचे, डब्यासकट.
नांगराची दोरी तपासायचे, ढिली असली तर ताणायचे.
लोक विचारायचे, चोगले, काय बघता?
"सुकती आहे," म्हणायचे. "भरतीला होडी सुटली तर?"
भरती चौदा महिन्यांनी आली.

आता खात्याकडं यंत्र आहे.
ते पाण्यात आवाज सोडतं आणि ऐकत बसतं.
दोरी माझ्याकडं आली.
गेल्या मार्चात मी एकटी वल्हवत त्यांच्या जागी गेले,
पंपघर आणि वाकडी बाभळ एका रेषेत येतात तिथं,
आणि ओळंबा सोडला.
त्यांच्या दोऱ्यांनी सहा वाव.
मग ती ओली दोरी वर घेताना
मी माझे हात पसरले,
छातीवरून, एकेक,
पदर भिजला, होडी थोडी फिरली.
सातला वीतभर कमी.

शाळेच्या समारंभात पाहुणे म्हणतात,
मुलींना वाव द्या.
मी मागच्या रांगेत बसून हाताची घडी घालते.

चरबीला काळी माती लागून आली होती,
आणि एक शिंपला, नखाएवढा.
आईला नेऊन दाखवला.
तिला आता नीट दिसत नाही. तळहातावर घेऊन
तिनं तो अंगठ्यानं चाचपला.
"किती परस?" म्हणाली.